वाचकांचे प्रश्न : क्रीडासाहित्य उद्योगाचा पुरस्कार द्यावा कोणाला?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत नाशिक आणि परिसरातील वाचकांची काही पत्रे योगायोगाने एकाच विषयावरची निघाली. क्रीडासाहित्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसांचा गौरव कोणी करावा, कशासाठी करावा आणि तो खरा आहे हे ओळखावे कसे, असा त्या पत्रांचा सूर आहे. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : महात्मा गांधी रोडवर आमचे क्रीडासाहित्याचे जुने दुकान आहे. ते वडिलांनी सुरू केले आणि आजही गल्ल्यावर तेच बसतात. गेल्या महिन्यात एका संस्थेचा ई-मेल आला, की ‘क्रीडासाहित्य क्षेत्रातील अग्रणी नेतृत्व’ या राष्ट्रीय पुरस्कारासाठी वडिलांची निवड झाली असून दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलात एका सिनेअभिनेत्याच्या हस्ते तो दिला जाईल. मात्र ‘नामांकन व प्रक्रिया शुल्क’ म्हणून अठ्ठेचाळीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी सात दिवसांत भरायचा आहे. वडील हरखून गेले आहेत. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या वडिलांना जे देऊ केले आहे तो पुरस्कार नव्हे, समारंभासह विकले जाणारे जाहिरातीचे पॅकेज आहे, आणि त्याचा विचार त्याच हिशेबाने करावा. निवड आधी झाली आणि पैसे नंतर मागितले, ही ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे. शुल्क घेणारा प्रत्येक पुरस्कार खोटा असतो असे मात्र समजू नये. नव्या क्रीडासाहित्याच्या काही नामांकित आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही प्रवेशशुल्क भरावे लागते. पण तिथे रॅकेट, बूट किंवा हेल्मेट प्रत्यक्ष परीक्षकांच्या टेबलावर जाते, शुल्क सगळेच भरतात आणि त्यांतले बरेच जण रिकाम्या हाताने परततात. आपल्याकडे येऊन दुकान कोणी पाहिले नाही, मालाची चौकशी केली नाही, एकाही गिऱ्हाइकाशी कोणी बोलले नाही, आणि तरीही वडील देशातले अग्रणी ठरले. म्हणजे निवडीचा आधार फक्त ई-मेलचा पत्ता हाती असणे हाच दिसतो.

संस्थेला लेखी विचारावे, की वडिलांचे नाव कोणी सुचवले, परीक्षक कोण आहेत आणि त्यांचा क्रीडासाहित्याशी संबंध काय, या गटात नावे किती आली होती आणि पुरस्कार किती जणांना दिला जाणार आहे. शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण अशा समारंभांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चषक वाटप चालू असते आणि प्रत्येक जण आपापल्या तालुक्याचा किंवा उपवर्गाचा ‘सर्वोत्कृष्ट’ असतो. सात दिवसांची मुदत ही विचार करायला वेळ मिळू नये म्हणून घातलेली असते. पत्रावर किंवा मानचिन्हावर अशोकस्तंभासारखे चिन्ह छापलेले असेल तर त्यापासून चार हात दूरच राहावे, कारण राष्ट्रचिन्हाचा अनधिकृत वापर २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. विकत घेतलेला मान दुकानाच्या पाटीवर ‘राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त’ म्हणून मिरवणेही सुरक्षित नाही. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते आणि जाहिरातीत पुरस्कारांचे दाखले कसे द्यावेत याबद्दल अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे स्वतंत्र मार्गदर्शक नियम आहेत.

वडिलांच्या आनंदावर विरजण घालणे जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. त्यांना वरील प्रश्नांची यादीच हातात द्यावी. इतकी वर्षे घाऊक व्यापाऱ्यांशी घासाघीस केलेला माणूस उत्तरे वाचून स्वतःच काय ते ओळखेल. तेवढ्या रकमेत थोडी भर घातली तर बॅडमिंटनच्या रॅकेटचे गटिंग, म्हणजे जाळी विणण्याचे काम, करण्याचे चांगले यंत्र दुकानात येऊ शकते, हेही त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

प्रश्न : क्रीडासाहित्याचे विक्रेते आणि छोटे उत्पादक यांची आमची एक लहान संघटना आहे. नाशिक जिल्ह्यातील या व्यवसायातील एका अग्रणी व्यक्तीला दरवर्षी पुरस्कार द्यावा असे ठरले आहे. बैठकीत बहुमत असे पडले, की ज्याची वार्षिक उलाढाल सर्वांत जास्त त्याला तो द्यावा, म्हणजे वाद होणार नाहीत. काहींना हे पटले नाही. योग्य निकष कोणते? (एका संघटनेचे चिटणीस, सातपूर)

उत्तर : उलाढाल हा निकष सोपा आहे यात शंका नाही, कारण तो ताळेबंदात सापडतो आणि कोणाला मत मांडावे लागत नाही. पण ज्याची उलाढाल सर्वांत मोठी त्याला बाजाराने बक्षीस आधीच दिलेले असते; संघटनेने त्यावर शाल पांघरण्याने कोणाला काही नवे कळत नाही. आकड्यांवरून पुरस्कार देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्यापुरते ते योग्यही आहे. क्रीडासाहित्य निर्यात प्रोत्साहन परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली ती निर्यात वाढावी म्हणूनच, त्यामुळे तिने निर्यातीतील कामगिरी मोजून गौरव करावा हे तिच्या कामाला धरून आहे. आपल्या संघटनेचे काम वेगळे आहे. जिल्ह्यातल्या खेळाडूच्या हातात चांगले साधन योग्य किमतीत पडावे, हे जर ते काम असेल तर निकषही तिथूनच निघाले पाहिजेत.

या उद्योगातील ज्या माणसांची नावे जगभर घेतली जातात, त्यांनी नेमके काय केले ते पाहिल्यास दिशा सापडते. अमेरिकेत क्रीडासाहित्य उद्योगाचे एक ‘हॉल ऑफ फेम’ आहे आणि १९५० च्या दशकापासून त्यात या धंद्यातील माणसांची नावे नोंदली जात आहेत. आदिदासचे संस्थापक आदी डास्लर हे १९७८ मध्ये त्यात स्थान मिळालेले पहिले अमेरिकेबाहेरचे गृहस्थ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले. डास्लर यांचे नाव निघाले की १९५४ च्या विश्वचषक फुटबॉलचा बर्नमधला अंतिम सामना आठवतो. पाऊस पडत होता, मैदान निसरडे झाले होते, आणि पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना स्क्रूने काढता-घालता येणारे स्टड होते, ते मैदान पाहून लांबीचे बदलता येत. हंगेरीसारखा बलाढ्य संघ ३-२ असा हरला. बुटामुळेच जर्मनी जिंकली असे कोणी म्हणू नये, कारण गोल बूट करत नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बूट बनवणारा माणूस स्वतः संघाबरोबर मैदानावर हजर होता आणि खेळणाऱ्याच्या पायाला काय लागते ते खाली वाकून पाहत होता.

जपानचे मिनोरू योनेयामा यांनी १९४६ मध्ये मासेमारीच्या जाळ्यांसाठी लाकडी तरंगे बनवण्यापासून सुरुवात केली. प्लास्टिकचे तरंगे आल्यावर तो धंदा बुडाला, आणि लाकूडकामाचे तेच कसब त्यांनी १९५७ पासून बॅडमिंटनच्या रॅकेटकडे वळवले. आज योनेक्स हे नाव आपल्या कॉलनीतल्या कोर्टवरची मुलेही घेतात. आपल्याकडे आनंद बंधूंनी, म्हणजे केदारनाथ आणि द्वारकानाथ यांनी, १९३१ मध्ये सियालकोटला सुरू केलेला कारखाना फाळणीनंतर सीमेअलीकडे आला आणि १९५० मध्ये मेरठला स्थिरावला. ‘एसजी’ या ब्रँडचा क्रिकेटचा चेंडू याच कारखान्याचा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना होतो तेव्हा गोलंदाजाच्या हातात असतो तोही हाच. सियालकोटहून आलेल्या कारागिरांनीच जालंधरला फुटबॉल आणि हॉकीच्या साहित्याचे केंद्र बनवले. निर्वासित म्हणून आलेल्या या माणसांच्या हातात कसब तेवढे उरले होते, ही गोष्ट उलाढालीच्या तक्त्यात कुठे दिसणार?

याच्या दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे अल्बर्ट स्पॉल्डिंग आहेत. स्वतः नावाजलेले बेसबॉल खेळाडू असलेल्या स्पॉल्डिंग यांनी १८७६ मध्ये शिकागोत दुकान काढले आणि चेंडूंपासून नियमपुस्तिकांपर्यंत सगळे विकले. पुढे बेसबॉल हा अस्सल अमेरिकन खेळ आहे हे ठसवण्याच्या भरात, तो अ‍ॅबनर डबलडे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने शोधून काढला ही कपोलकल्पित कथाही त्यांच्याच पुढाकाराने रूढ झाली. धंद्यातला अग्रणी खेळाच्या इतिहासाला कसा वळण देऊ शकतो याचा हा मासला आहे. म्हणून मानपत्रात ‘यांनी अमुक खेळ जिल्ह्यात आणला’ असे लिहिण्यापूर्वी जुन्या खेळाडूंना विचारून घ्यावे. मानपत्रे लिहिणाऱ्यांचा हात अशा वेळी सैल सुटतो.

आता निकषांकडे. पहिला निकष मालाचा असावा आणि तो माल परीक्षकांनी हाताळून पाहावा. क्रिकेटचा चेंडू घ्या. एसजीच्या चेंडूची शिवण संपूर्ण हाताने घातलेली असते. कूकाबुरा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या चेंडूत शिवणीच्या आतल्या दोन रांगा हाताच्या आणि बाहेरच्या चार यंत्राच्या असतात, त्यामुळे त्याची शिवण लवकर बसते. हे वाचून कळत नाही, पंचवीस-तीस षटके वापरलेला चेंडू बोटांनी चाचपून कळते. उमेदवाराने स्वतःच्या नावाने चेंडू बाजारात आणला असेल तर तो वजन करून पाहावा, कारण नियमाप्रमाणे तो १५५.९ ते १६३ ग्रॅमच्या दरम्यान भरला पाहिजे. आणि एखादा सरळ कापून आत बूच, दोरा यांची गुंडाळण नीट आहे की नुसता रबराचा गोळा भरला आहे तेही बघावे. नाशिकमध्ये हा धंदा बराचसा विक्रीचा असल्यामुळे विक्रेत्याची पारख वेगळ्या तऱ्हेने करावी लागेल. बॅट घ्यायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला तो त्याच्या उंचीची बॅट देतो, की दोन वर्षे टिकेल म्हणून मोठी गळ्यात मारतो? स्वस्त काश्मीर विलोच्या लाकडाची बॅट महागडी इंग्लिश विलो म्हणून खपवतो का? त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या धावपटूला पहिले स्पाइक्स उधारीवर देतो का? सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून या भागातल्या किती मुली पळू लागल्या हे आपण पाहतोच. त्यांना बूट पुरवणारा दुकानदार माझ्या मते तरी मॉलमधल्या दालनाच्या मालकापेक्षा या पुरस्काराला जवळचा आहे.

दुसरा निकष राबणाऱ्या हातांचा, आणि त्यात तडजोड नको. १९९० च्या दशकात सियालकोट आणि जालंधरच्या घराघरांत फुटबॉल शिवणाऱ्यांत लहान मुले असल्याचे उघड झाले आणि नामांकित कंपन्यांची नाचक्की झाली. त्यातून १९९७ मध्ये सियालकोटसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि तिथले व्यापारी मंडळ यांच्यात अटलांटा करार झाला, आणि जालंधरच्या उत्पादकांनी पुढच्याच वर्षी स्पोर्ट्स गुड्स फाउंडेशन ऑफ इंडिया स्थापन केले. उद्योगातील एखाद्या व्यक्तीचा गौरव करताना तिच्या मालाला कोणाचे हात लागले आणि त्यांना दर नगाला काय मिळते, हे विचारले तर कोणी रागावण्याचे कारण नाही; रागावलाच तर आपले काम सोपे झाले.

परीक्षकांबद्दल थोडे स्पष्ट सांगतो. संघटनेचे पदाधिकारी परीक्षक नसावेत आणि उमेदवारही नसावेत. एक अनुभवी प्रशिक्षक, शाळेत साहित्याची खरेदी करणारे एक क्रीडाशिक्षक, एक माजी खेळाडू आणि जिल्ह्याबाहेरचा एक उत्पादक एवढे पुरेत. त्यांत किमान एक महिला असावी, आणि ती नावापुरती नसावी. खेळताना वापरण्याची खास ब्रा ही वस्तू १९७७ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांनी स्वतःची अडचण म्हणून दोन जॉकस्ट्रॅप (पुरुष खेळाडूंचे आधारवस्त्र) जोडून शिवली, तोपर्यंत पुरुषांनी चालवलेल्या एवढ्या मोठ्या उद्योगाला ती सुचली नव्हती. एखाद्या ब्रँडने पुरस्काराचा खर्च उचलला तर त्याचा वितरक त्या वर्षी उमेदवार असू नये, आणि लायक नाव नसेल त्या वर्षी पुरस्कार देऊ नये, हे दोन नियम संघटनेच्या घटनेतच लिहून टाकावेत. मानचिन्ह कोणाकडून घ्यायचे हाही प्रश्न बैठकीत निघेलच. बहुतेक क्रीडासाहित्याच्या दुकानांत करंडकही विकले जात असल्यामुळे पुरस्कारविजेत्यालाच त्याच्या पुरस्काराची ऑर्डर मिळण्याचा चमत्कार आपल्याकडे घडू शकतो. तो टाळावा.

प्रश्न : केंद्र किंवा राज्य सरकारचा क्रीडासाहित्य बनवणाऱ्यांसाठी एखादा पुरस्कार आहे का? (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : अर्जुन पुरस्कार १९६१ पासून खेळाडूंसाठी आणि द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून प्रशिक्षकांसाठी आहे, महाराष्ट्राचे शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारही खेळाडू आणि मार्गदर्शक यांच्याभोवतीच आहेत. २००९ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कारासाठी कंपन्या पात्र असतात, परंतु खेळाडू घडवणे, त्यांना नोकऱ्या देणे, सामाजिक दायित्व निधीतून खेळाला मदत करणे अशा कामांसाठी. चांगली बॅट बनवण्यासाठी नव्हे. लहान कारखानदाराने क्रीडा खात्यापेक्षा उद्योग खात्याचे दार ठोठवावे. केंद्राचे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि लघुउद्योजकांसाठीच्या जिल्हा पुरस्काराची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते.

प्रश्न : मी मल्लखांब शिकवतो. आमच्या भागातील एक सुतार गेली अनेक वर्षे शाळांना आणि व्यायामशाळांना मल्लखांब करून देत आहेत. त्यांचे दुकान नाही, ब्रँड नाही, जीएसटी नोंदणीही नाही. क्रीडासाहित्य उद्योगातील ‘अग्रणी’ म्हणून त्यांचे नाव एका पुरस्कारासाठी सुचवले तर हसे होईल का? (एक प्रशिक्षक, नाशिकरोड)

उत्तर : हसे झालेच तर हसणाऱ्यांचे होईल. मल्लखांबाची परंपरागत कथाच आपल्या जिल्ह्यात घडते. पेशवे दरबारात आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी बाळंभटदादा देवधर यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर अनुष्ठान केले आणि तिथे त्यांना या विद्येचा साक्षात्कार झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे खरे, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा व्यायामप्रकार त्यांनी नव्याने उभा केला आणि त्याचे एकमेव साधन होते लाकडाचा खांब. या खांबासाठी आजही सुताराच्या हातालाच पर्याय नाही.

प्रस्ताव लिहिताना या हाताचे काम परीक्षकांना दिसेल असे लिहावे. पुरलेल्या मल्लखांबाचे अंग, मान आणि बोंड (वरचे गोल टोक) असे भाग असतात आणि तळापासून वरपर्यंत खांब सावकाश निमुळता होत जातो. हा उतार कुठे अडखळला तर मांड्यांची पकड सुटते. लाकूड सागवानाचे किंवा शिसवीचे, जून आणि नीट वाळलेले हवे. ओलसर लाकडाला पुढच्या उन्हाळ्यात उभी चीर जाते आणि त्या चिरेत अंगाचे कातडे सापडते. गाठ मानेजवळ येऊन चालत नाही, कारण सर्वाधिक ताण तिथेच पडतो. वरून एरंडेल तेल लावायचे आणि खेळाडूच्या तळहाताला राळ, त्यामुळे कुठलेही चकचकीत पॉलिश दिले तर खांब देखणा होतो पण खेळायच्या कामाचा राहत नाही. हे सगळे सांभाळून खांब करणाऱ्या माणसाकडे तयार खांबांची आंतरराष्ट्रीय बाजारपेठ नसेल, पण त्याच्या खांबावर पोरे निर्धास्तपणे उलटी होतात. पुरस्कार ज्या नेतृत्वासाठी असतो ते याहून वेगळे काय असते, हे मला तरी सांगता येणार नाही.

नोंदणीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ठरावीक उलाढालीच्या आतील व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे ती नसणे हा दोष ठरत नाही. लघुउद्योगांसाठीच्या केंद्राच्या उद्यम पोर्टलवरची नोंदणी मोफत होते, ती मात्र करून घ्यावी. सुतारकाम हे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांपैकी एक आहे. पात्र ठरल्यास ओळखपत्र, प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पुरस्कार मिळो न मिळो, हे काम आपण त्यांना बरोबर घेऊन या महिन्यातच उरकावे. प्रस्तावाला नव्या कोऱ्या खांबाचे फोटो जोडू नयेत. निदान दोन उन्हाळे वापरात असलेला खांब कोणत्या व्यायामशाळेत आहे ते कळवून परीक्षकांना तिथे बोलवावे.

प्रश्न : उद्योगातील पुरस्काराबरोबर मिळालेल्या रोख रकमेवर आयकर भरावा लागतो का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : केंद्र किंवा राज्य सरकारने जनहितार्थ दिलेल्या, अथवा केंद्र सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या पुरस्काराची रक्कम करमुक्त असते. व्यापारी संघटना, कंपनी किंवा खासगी संस्था यांच्याकडून आपल्या व्यवसायासाठी मिळालेली रक्कम सर्वसाधारणपणे उत्पन्न धरली जाते, मग ती धनादेशाने मिळो वा पाकिटातून. पुरस्काराचे पत्र जपून ठेवावे आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी ते आपल्या कर सल्लागारास दाखवावे.